पॅगोडातला भरलेला बाऊल

१

सेवकराम कटरे गुरुजी टेबलावर पालथे पडले, तेव्हा सुशिलाबाई उके माइकवर चव्वेचाळीस नंबर पुकारत होत्या.

आधी कुणालाच काही वाटलं नाही. उलट दोन-तीन टेबलांवर हसू फुटलं. हाऊजीच्या त्या डावात गुरुजींनी तिकिटावरची ओळ पुरी झालेली नसताना दोनदा चुकीची 'लाइन' पुकारली होती. दुसऱ्या वेळी तर सुशिलाबाईंनीच माइकवरून चिडवलं होतं, "गुरुजी, आज एवढी घाई काऊन?" अख्खा हॉल हसला होता. आता गुरुजींच्या हातून चमचा खाली पडला, डोकं तिकिटावर टेकलं, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या फुलवंताबाई ओरडल्या.

गोंदियात तोवर चायनीज म्हणजे हातगाडी. राजदीप गजभियेनं नागपूरच्या हॉटेलांत अकरा वर्षं कढई हलवली आणि २००८ साली इथं पहिल्या मजल्यावर 'पॅगोडा' उघडलं. लाल कागदी कंदील, भिंतीवर बांबूच्या चटया, आणि दर रविवारी दुपारी जेवणासोबत हाऊजी आणि कराओके. बिरसीच्या विमान-शाळेतली पोरं यायची, डॉक्टर-वकिलांची कुटुंबं यायची. सुशिलाबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. आवाज खणखणीत, म्हणून आकडे पुकारायला राजदीपनं त्यांना बोलावलं होतं.

तो २०१० सालच्या फेब्रुवारीतला रविवार. गुरुजी आणि फुलवंताबाईंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. मुलगा नीलेश आणि सून भाग्यश्री गोंदियात राहायचे. त्यांनी दोघांना दवनीवाड्याहून आणून इथं जेवायला बसवलं होतं.

गुरुजींना खुर्चीसकट जिना उतरवलं. सुशिलाबाईंनी खाली पोचून नाडी धरली तेव्हा ती बोटाखालून निसटत होती. अंग थंड, ओलंचिंब. कुणाची तरी ओम्नी आली. ती दवाखान्यात पोचेपर्यंत गुरुजी गेलेले होते.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं, चायनीजच्या सुपानं गुरुजी मेले. पॅगोडाची काच फुटली. राजदीपला पोलिसांनी नेलं.

२

सोमवारी सकाळी राजदीपची बायको रचना सुशिलाबाईंच्या दारात उभी होती. डोळे सुजलेले.

"जयभीम, मावशी. तुमी होत्या न तिथं. तुमी सांगा न पोलिसांले."

"मी काय सांगू, पोरी? मी नर्स होती, पोलीस नाही."

"ते म्हणून राहिले का यानं जुना दावा काढला."

"कोणता दावा?"

रचना ओट्यावरच बसली. दवनीवाड्याच्या शाळेत राजदीप गुरुजींच्या वर्गात होता. सातवीत गुरुजींनी त्याला वर्षभर दाराबाहेर बसवलं होतं. पोरं आत, हा एकटा बाहेर. ही गोष्ट राजदीप हसत हसत गिऱ्हाइकांना सांगायचा. आता तीच त्याच्या अंगावर आली होती. बाजारात दोघं-तिघं उघड बोलत होते की असल्या लोकांच्या हातचं खायलाच जायचं नव्हतं.

सुशिलाबाईंच्या डोळ्यांपुढे गुरुजींचा ओला सदरा आला, आणि माइकवरून स्वतःच केलेली थट्टा. रात्रभर ती कानात वाजत होती.

"चल," त्या म्हणाल्या, "आधी हॉटेल उघड."

३

काचा अजून तशाच पडल्या होत्या. वेटर खेमराज केशोरीकडचा, चाळिशीचा शांत माणूस. सात नंबरच्या टेबलाशी तोच होता. सुशिलाबाईंनी त्याला त्याच खुर्चीवर बसवलं, जिथं गुरुजी बसले होते.

"कोण कुठं होतं ते सांग."

"नीलेशभाऊ स्टेजवर गाणं म्हणून राहिले होते. वहिनी त्यांचा फोटो काढत होत्या. माउली त्या टोकाला, ताटाकडं पाहत. सासू-सून एकमेकींशी बोलत नव्हत्या, सिस्टर. मी मेनू दिला तं एकीनं दुसरीकडं नीलेशभाऊच्या हातून सरकवला."

"आन् गुरुजी?"

"त्याईले घाम येत होता. मले वाटलं, मंचाव सूप तिखट हाय."

"सूप प्यायले काय ते?"

"पेत असतील. मी पुढ्यात ठेवलं होतं."

"पेत असतील नको. तू पाहिलं काय?"

"चमचा उचलत होते, पण तोंडापर्यंत जात नव्हता. हात थरथरे, टेबलावर सांडे. तो चायनीज चमचा असतो न, चिनीमातीचा, खोलगट. गावच्या माणसांले जमत नाही. मी साधा चमचा आणून दिला. तोबी जमला नाही. मंग मले म्हणाले, 'खिडकी लाव, पोरं भिजून राहिले.' बाहेर ऊन होतं, सिस्टर. मले वाटलं, पिऊन आले."

"तोंडाला वास होता?"

"नाही."

"बाऊल कुणी उचलला?"

"पोलिसांनी. झाकण लावून नेला." खेमराजनं हातानं उंची दाखवली. "तेव्हा काठापासून दोन बोटं खाली होता. आमी देतोच तेवढा."

सुशिलाबाईंनी टेबलाच्या कडेला हात टेकला. घाम. थरथर. भलतंच बोलणं. चुकीची लाइन. एकेका गोष्टीला त्या हॉलमधल्या माणसांनी आपापलं कारण लावून टाकलं होतं. सूप तिखट, चमचा नवा, माणूस पिलेला, म्हातारा उतावळा. वॉर्डात हे चार शब्द कुणी एका दमात सांगितले असते, तर त्यांनी दुसऱ्या मिनिटाला ग्लुकोजचं सलाइन लावलं असतं.

गुरुजींना शुगर आहे, हे रविवारी दवाखान्यात नीलेशच डॉक्टरांना सांगत होता. "साखर उतरली होती," त्या पुटपुटल्या. त्यापुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकवेना. दोन चमचे साखर पुरली असती. त्या दहा पावलांवर उभ्या होत्या.

४

ठाणेदार बोरकर तरुण होते, आणि बाहेर जमलेल्या माणसांमुळे वैतागलेले.

"सिस्टर, मला कळतं तुम्हाला काय म्हणायचं आहे. बाऊल भरलेला आहे, मान्य. पण थोडं तर पोटात गेलं असेल?"

"पोस्टमॉर्टेमच्या वेळी दवाखान्यातला उदाराम होता. माझ्यासोबत वीस वर्षं काम केलं त्यानं. पोट रिकामं होतं म्हणतो."

"तोंडी. लेखी कारण राखून ठेवलं आहे, व्हिसेरा तपासायला नागपूरला गेला. दोन महिने लागतील, तीन लागतील. आज याला सोडलं तर बाहेरची माणसं याचं काय करतील, सांगा."

"गुरुजींना शुगर होती, हे माहीत आहे तुम्हाला?"

"शुगर असलेली माणसं हॉटेलात जेवून घरी जातात, सिस्टर. मरत नाहीत. तुम्ही मला सांगा, शुगर एवढी उतरली कशी?"

सुशिलाबाई उठून मागच्या बाकाकडे गेल्या.

राजदीपला बाकावर बसवलं होतं. त्यानं मान वर केली, पण आपल्या सुटकेचं विचारलंच नाही.

"मावशी, ते किचनच्या दारात आले होते. हात पुसत उभा होतो मी. म्हणाले, 'राजदीप, तुझ्या हातचं खायले आलो.' बस, एवढंच. बाकी कायबी नाही म्हणाले. मी किचनच्या कारागिराला बाजूला केलं. सूप मीच बनवलं, अंडं नाही, अजिनोमोटो नाही. चव घेऊन पाहिली दोनदा." तो बाकाच्या कडेला सरकला. "तेवढं सांगा, प्यायले काय ते?"

सुशिलाबाईंनी आयुष्यात कितीतरी लोकांना कितीतरी वाईट बातम्या दिल्या होत्या. "नाही रे बाबा," त्या म्हणाल्या.

राजदीपनं मान खाली घातली. ज्या गोष्टीनं तो सुटू शकत होता, तीच ऐकून तो रडायला लागला.

५

मंगळवारी त्या नीलेशच्या घरी गेल्या. नीलेशनं दारातच हात जोडले, पण आवाज कडक होता.

"सिस्टर, तुम्ही त्या हॉटेलवाल्याच्या बाजूनं आला आहात. मी तिथं बोलावलं बाबूजींना. मी! आई न हिच्यात चार महिने अबोला होता. म्हटलं, नवीन जागा आहे, गाणी आहेत, हसतील-खेळतील, बोलतील. आता कुणाला दोष देऊ?"

"अबोला कशावरून?"

नीलेश बायकोकडे पाहायला लागला. भाग्यश्री भिंतीला टेकून उभी होती.

"माझ्यावरून," ती म्हणाली. "बाबूजी विसरायला लागले होते. दोनदा बाजारातून घरचा रस्ता चुकले. मी नागपूरला दाखवू म्हटलं, नातेवाइकांपुढे म्हटलं. आईंना राग आला. माझ्या माणसाला वेडा ठरवते म्हणाल्या. तेव्हापासून एक शब्द नाही. मी फोन केला तर ठेवून द्यायच्या."

"रविवारी इथूनच निघाले होते न सगळे?"

"हो. अकराला आले. आई बाहेर अंगणातच बसल्या, आत आल्या नाहीत. साडेबाराला निघायचं होतं. बाबूजींची इन्सुलिनची एक बाटली मी इथं फ्रिजमध्ये ठेवते, ते राहायला येतात म्हणून. दिवसातून एकदा, जेवायच्या अर्धा तास आधी लागते. मी विचारलं, बाबूजी, सुई घेतली का? म्हणाले, नाही बेटा. मग बाराला मी दिली."

"किती?"

"नेहमीची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहे तेवढीच. अठ्ठावीस." भाग्यश्री पुढे आली. "सिस्टर, मी बरोबर भरली होती. दोनदा पाहिलं मी."

तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. नीलेशनं फ्रिजमधून बाटली काढून दाखवली, चिठ्ठी दाखवली. सगळं बरोबर होतं. पण एका नेहमीच्या सुईनं जेवण उशिरा झालं तरी माणूस दोन तासांत असा कोसळत नाही. चिठ्ठीप्रमाणे गुरुजींच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंटची नळी टाकली होती, तरीही नाही.

"ते 'नाही' म्हणाले," सुशिलाबाईंनी हळूच विचारलं, "तेव्हा त्यांना आठवत होतं, असं तुला वाटतं?"

भाग्यश्री त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला प्रश्न कळला नाही. किंवा कळू द्यायचा नव्हता.

६

दवनीवाड्याला जाणाऱ्या बसमध्ये सुशिलाबाई खिडकीशी बसल्या. धानाच्या कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक उभं होतं. परत फिरावं असं त्यांना दोनदा वाटलं. उत्तर काय आहे ते त्यांना जवळजवळ ठाऊक झालं होतं, आणि ते एका बाईच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

फुलवंताबाई पडवीत बायकांच्या गराड्यात बसल्या होत्या. सुशिलाबाईंना पाहून त्यांनी बायकांना आत पाठवलं.

"या, सिस्टर. तुमीच त्याईचा हात धरला होता न खाली?"

"हो."

"तुमी असल्या म्हून बरं वाटलं. कोणी तरी जाणकार होतं."

सुशिलाबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी घाईनं विचारलं, "रविवारी सकाळी काय खाल्लं होतं गुरुजींनी?"

"अर्धी भाकर. म्हणे, तिथं खायाचं हाय, पोट खाली ठेवतो. लय खुशीत होते. चाळीस वर्सांत मले पहिल्यांदा हॉटेलात नेऊन राहिले होते. तो नवा सदरा म्याच काढून देला."

"आन् सुई?"

"नवाले देली. रोजची. बारा वर्सं झाले, एक दिवस चुकली नाही म्या. हात नाही थरथरत माहा." फुलवंताबाईंनी हात पुढे करून दाखवला.

"निघताना... सुनेला सांगितलं होतं काय, की सुई झाली म्हणून?"

"मी तिच्याशी बोलत नाही."

हे नेहमीच्या ठसक्यात आलं. फुलवंताबाईंचा पुढे केलेला हात तसाच राहिला. त्या सुशिलाबाईंचा चेहरा वाचत होत्या.

"काऊन इचारलं?"

सुशिलाबाईंनी तो हात धरला.

"सिस्टर, काऊन इचारलं मले?" मग आवाज अगदी खाली गेला. "तिनंबी देली काय?"

"तिनं गुरुजींना विचारलं होतं, बाई. ते नाही म्हणाले. ते विसरले होते."

फुलवंताबाईंनी हात पदरात घेतला. बाजूच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"दोन सुया, न अर्धी भाकर," त्या म्हणाल्या. "मंग ते जहरानं नाही गेले. उपाशी गेले. हॉटेलात बसून उपाशी गेले माहा माणूस."

"तुमची चूक नाही. तिचीही नाही."

"मंग कोणाची?"

सुशिलाबाईंनी तेव्हा आपलं सांगितलं. घाम दिसत होता, चुकीची लाइन ऐकली होती, पस्तीस वर्षं नोकरी केली होती, आणि तरी माइकवरून हसल्या होत्या. फुलवंताबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी ना धीर दिला, ना दोष. फक्त एवढं विचारलं, "पोरीले माहीत हाय काय हे?"

"अजून नाही. पण तो राजदीप आत बसला आहे, बाई. हे सांगितल्याबिगर तो सुटत नाही."

"तुमी जा," फुलवंताबाई म्हणाल्या. "उद्या मी येतो."

७

बुधवारी सकाळी सुशिलाबाईंनी ठाणेदारांपुढे सगळं मांडलं. पोट रिकामं, बाऊल भरलेला, म्हणजे सुपाचा संबंध नाही. आकडे चुकणं सूप समोर येण्याआधीच सुरू झालेलं, घाम, थरथर, बरळणं त्याच्याच मागून आलेलं. खेमराजच्या सांगण्याप्रमाणे पहिली चुकीची लाइन पडली तेव्हा सात नंबरवर नुसतं पाणी होतं. साखर उतरली आणि आधीच कमजोर असलेलं हृदय थांबलं. साखर एवढी उतरायला दुप्पट इन्सुलिन लागतं.

बोरकरांनी गुरुजींच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अगदी शक्य आहे, पण आता सिद्ध करता येणार नाही.

"म्हणजे जबाब पाहिजे," बोरकर म्हणाले. "दुप्पट दिलं कुणी?"

नीलेश आणि भाग्यश्रीला बोलावलं होतं. दोघं बाकावर बसले होते. भाग्यश्रीचा चेहरा पांढरा पडला होता. कालच्या प्रश्नाचा अर्थ तिला रात्री कधीतरी लागला असावा. ती उठायला लागली, तेवढ्यात फुलवंताबाई आत आल्या. दवनीवाड्याच्या पहिल्या बसनं आल्या होत्या. सोबत कुणी नव्हतं.

"लिहा, साहेब," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "दोनीबी सुया म्याच देल्या. नवाले एक घरी. मंग बाराले पोराच्या घरी दुसरी. म्हातारी झाली मी. पहिली देली ते इसरून गेली."

"आई!" भाग्यश्री म्हणाली.

चार महिन्यांत ती त्यांना समोरासमोर पहिल्यांदा हाक मारत होती. फुलवंताबाईंनी वळून पाहिलं.

"तू बस."

"आई, नाही, बाराची मी..."

"बस म्हटलं न तुले!" आणि मग साहेबांकडे वळून, "ते लेकरू घाबरलं हाय. तिच्या फ्रिजातली बाटली घेतली म्या, म्हून तिले वाटते. तिनं हात नाही लावला."

नीलेश आईकडे पाही, बायकोकडे पाही. तीन दिवसांपूर्वी ज्या दोघींना एका टेबलावर बसवण्यासाठी त्यानं एवढा खटाटोप केला, त्या आता त्याच्यासमोर पहिल्यांदा बोलत होत्या.

बोरकरांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, तुम्ही दोघींशी बोलला आहात. तुम्ही काय म्हणता?"

भाग्यश्री सुशिलाबाईंकडे पाहत होती. फुलवंताबाई पाहत नव्हत्या. त्यांनी मान ताठ ठेवून टेबलाकडे नजर लावली होती. खरं सांगितलं तरी गुरुजी परत येणार नव्हते, आणि दुसरी सुई सुनेच्या नावावर लिहिली जाणार होती. खोटं ठेवलं तर फुलवंताबाईंच्या डोक्यावर उरलेलं आयुष्य हे ओझं राहणार होतं. कशानंच काही दुरुस्त होत नव्हतं.

"त्या सांगतात तसं लिहा," सुशिलाबाई म्हणाल्या.

शिपायानं जबाब वाचून दाखवला. फुलवंताबाईंनी सही केली. एकेक अक्षर सावकाश, वर रेघ ओढून. भाग्यश्री तोंडात पदर कोंबून रडत होती. बाहेर पडताना तिनं सासूचा दंड धरला, आणि फुलवंताबाईंनी तो सोडवून घेतला नाही.

आकस्मिक मृत्यू म्हणून कागद पुढे गेला. दुपारी राजदीपला सोडलं.

पण पॅगोडा पुन्हा चाललं नाही. लोकांना जबाब ठाऊक नव्हता, सूप ठाऊक होतं. रविवारी खेमराज चाळीस खुर्च्या पुसून ठेवायचा आणि त्यातल्या सहा भरायच्या. एप्रिलमध्ये राजदीपनं कढया, कंदील, माइक सगळं विकून टाकलं. रायपूरला एका हॉटेलात नोकरी मिळाली होती. जायच्या आधी तो सुशिलाबाईंना भेटायला आला. दारातच उभा राहिला.

"मावशी, सुटताना साहेबांनी जबाब सांगितला, पण एक गोष्ट मनातून जात नाही. बारा वर्सं सुई देणारी बाई. एक दिवस चुकली नाही म्हणतात. ती एकाच सकाळी दोनदा कशी देईल?"

सुशिलाबाईंनी त्याला पाणी दिलं. ते पिऊन त्यानं तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं.

"खरंच तिनंच दिल्या काय दोन्ही?"

"हो," सुशिलाबाई म्हणाल्या. "तिनंच."

राजदीपनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग वाकून पाया पडला आणि स्टेशनाकडे निघाला.